बूट घालून पेडगांवास

पेडगांवास जावयाचें म्हटलें म्हणजे सोबत वेड घ्यावें लागतें, अशी महाराष्ट्रांतल्या शहाण्या माणसांची जुनी समजूत आहे. ती म्हण ज्या पेडगांवावरून पडली तें श्रीगोंदें तालुक्यांतलें, भीमेच्या कांठचें. तेथें मोंगलांचा सुभेदार बहादूरखान तळ देऊन बसला असतां मराठ्यांच्या स्वारांनीं एका बाजूनें वेड्यासारखी हूल देऊन त्यास बाहेर काढिलें व दुसऱ्या बाजूनें छावणी लुटून नेली, अशी हकीकत सांगतात. आमचें पेडगांव तें नव्हे. आमचें पेडगांव परभणी तालुक्यांत, परभणी व मानवत रोड या दोन स्टेशनांच्या मधलें. त्यास भीमा नाहीं, बहादूरगड नाहीं, आणि लुटण्याजोगी छावणी तर नाहींच नाहीं. एक रेल्वेचें स्टेशन आहे, डांबरी हमरस्ता आहे, आणि दृष्टि पोंचेल तेथपर्यंत काळी जमीन आहे. तरीही शनिवारीं दुपारीं आम्ही तिकडे निघालों कीं आमचे स्नेही "काय, वेड घेतलें का?" म्हणून विचारतात, आणि विशेष हें कीं, विचारतांना ते आमच्या तोंडाकडे पाहत नाहींत, पायांकडे पाहतात. कारण आमच्या पायांत पोटरीपर्यंत चढणारे, तीन बकलांचे, नडगीवर ढाल बसविलेले काळे बूट असतात. आणि ते बूट घालणारा इसम आठवड्याचे बाकीचे दिवस मुलांस वर्डस्वर्थ शिकवितो, हें त्यांस ठाऊक असतें.

बुटांची हकीकत सांगावयाची तर आधीं मातीची सांगितली पाहिजे. मराठवाड्याची काळी माती वाचकांस भूगोलाच्या पुस्तकांतून परिचित असेल. ती बेसाल्ट खडकाची झीज होऊन झाली, ती ओल फार दिवस धरून ठेविते, ती कापसास मानवते, इत्यादि. हें सर्व खरें आहे. परंतु तें लिहिणारा गृहस्थ श्रावणांत तिच्यांतून चालला नसावा. ह्या मातींत माँटमोरिलोनाइट नांवाची एक चिकण जात असते. पाणी मिळालें कीं तिचे थर फुगतात, आणि पाणी गेलें कीं आक्रसतात. म्हणूनच उन्हाळ्यांत ह्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वैशाखांत जी वाट लोखंडासारखी वाजते तीच मृगाच्या दोन सरींनंतर मळलेल्या कणकेसारखी होते. तिसरा पाऊस झाला म्हणजे वाट अशी राहतच नाहीं, ती उठून चालणाराच्या पायांस येऊन चिकटते. चार पावलें टाकावीं तों प्रत्येक वहाणेखालीं शेर-दोन शेर माती! म्हणून आमच्याकडचा शेतकरी चिखल लागला कीं वहाणा काढून हातांत घेतो. परक्या माणसास हा प्रकार उफराटा वाटतो. ज्या वेळीं पायांस पादत्राणांची गरज सर्वांत अधिक, त्याच वेळीं तीं काढावयाचीं! पण ह्या चिखलांत आंत जाऊन पुन्हां बाहेर येणारी वस्तु एकच, आणि ती म्हणजे अनवाणी पाऊल.

आमचे वडील जन्मभर असेच चालले. एका आषाढांत वहाणा हातांत घेऊन आखाड्यावरून येतांना त्यांच्या डाव्या पायांत बाभळीचा काटा रुतला. शेतकऱ्याच्या पायांत काटा रुतणें ही कांहीं सांगावयाची गोष्ट नव्हे, आणि वडिलांनींही ती सांगितली नाहीं. परंतु न सांगण्याचें कारण निराळें होतें. त्यांस मधुमेह होता, आणि त्या रोगांत पावलांची जाणीव हळूहळू बोथट होत जाते, हें तेव्हां आमच्या घरांत कोणासही ठाऊक नव्हतें. काटा रुतला हें त्यांना कळलेंच नाहीं. आठ दिवसांनीं आई त्यांचे पाय चेपीत असतां तिला तें दिसलें. पुढें आधीं अंगठा गेला, मग पाऊल गेलें, आणि अखेरीस गुडघ्याखालचा पाय गेला. ते जाऊन आज अकरा वर्षें झालीं. घरांत खुंटीवर त्यांची उजवी वहाण अजून आहे. डावीचें काय झालें तें आम्हीं आईस कधीं विचारलें नाहीं.

आई अद्याप पेडगांवच्या आखाड्यावरच राहते. (शेतांतल्या वस्तीस आमच्याकडे आखाडा म्हणतात, तेथें कुस्त्या होत नाहींत, झाल्याच तर बांधावरून होतात.) धाकटे बंधु व त्यांची मंडळी गांवांत असतात, आईस गांवांतल्या घरांत श्वास कोंडल्यासारखा होतो. परभणीहून गांवापर्यंत कोणतेंही वाहन जातें. तेथून पुढें कोसभर पांदण आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने तिच्यावरून कोणीं जावें हें ती पांदणच ठरविते. मोटार हमरस्त्यावरच थांबते. स्कूटर आम्हीं एक वर्ष नेऊन पाहिली. तिचें लहानगें चाक व त्यावरचा पत्रा यांमध्यें माती अशी ठासून बसे कीं चाक फिरेनासें होई, आणि मग आम्हीं स्कूटरीवर बसावयाच्या ऐवजीं ती ढकलीत नेण्याची पाळी येई. अखेरीस पुतण्याच्या सल्ल्यानें आम्हीं एक उंच मडगार्डाची व एकवीस इंची पुढच्या चाकाची फटफटी घेतली. आडरानांत चालाव्या म्हणून केलेल्या असल्या गाड्या आपल्या देशांत बेतशीर पैशांत मिळूं लागल्यास फार वर्षें झालीं नाहींत. रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ सालीं आली आणि हीरोची एक्सपल्स २०१९ सालीं. त्यांपैकीं आमची कोणती हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोहींचेंही वजन दीडशें किलोंच्या वर आहे, एवढें मात्र पुढील मजकुरासाठीं ध्यानांत असूं द्यावें.

सन २०२४ च्या श्रावणांत, एका शनिवारीं सायंकाळीं, ह्या दीडशें किलोंची व आमच्या डाव्या घोट्याची गांठ पडली. दोष सर्वस्वीं आमचा होता. पुढचें चाक बैलगाडीच्या चाकोरींत उतरलें; गाडी डावीकडे कलली; आम्हीं अनवधानानें पाय खालीं टेकला; पाय चिखलांत रुतून जागच्या जागीं राहिला, आणि गाडी मात्र कलावयाची थांबली नाहीं. डोक्यावर आमच्या उत्तम शिरस्त्राण होतें. पायांत कोल्हापुरी चपला होत्या. ज्या चपलेस २०१९ सालीं भौगोलिक निर्देशाचा मान मिळाला, आणि जिच्यासारखा जोड २०२५ सालीं प्राडा कंपनीनें मिलानच्या प्रदर्शनांत मांडल्यामुळें आपल्याकडे एवढा गदारोळ उठला, ती चपल दीडशें किलो लोखंडाखालीं कांहीं उपयोगाची नाहीं, हें आम्हीं स्वतःच्या हाडानें सिद्ध केलें आहे. सालगड्यानें येऊन गाडी उचलीपर्यंत अर्धा घटका आम्ही आकाशाकडे तोंड करून पडलों होतों. ज्या कवीनें ढगासारखें एकटें भटकण्याचें सुख गाइलें त्याच्याविषयीं त्या वेळीं आमच्या मनांत जे विचार आले ते वर्गांत सांगण्यासारखे नाहींत.

घोट्याच्या बाहेरच्या अंगाचें हाड मोडलें होतें. सहा आठवडे प्लास्टर पडलें. शस्त्रवैद्य आमचेच जुने विद्यार्थी, ते म्हणाले, "सर, डोक्याला हेल्मेट घातलंत, मग पायांनीं काय घोडं मारलं होतं?" प्रश्न अगदीं रास्त होता. डोक्यासाठीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम आहे; पायांसाठीं कोणतेंच कलम नाहीं; आणि एका पावलांत सव्वीस म्हणजे दोहोंत बावन्न, शरीरांतल्या दोनशें सहा हाडांचा चौथा हिस्सा, पायांत भरलेला असून त्याची चिंता कोणासच नाहीं. पण वैद्यांनीं पुढें जें सांगितलें तें विनोदाचें नव्हतें. आमच्याही रक्तांत आज कैक वर्षें साखर आहे. त्यांनीं एक बारीकसा नायलॉनचा तंतु घेऊन आमच्या तळव्यावर ठिकठिकाणीं टोंचिला व "कळतें का?" म्हणून विचारलें. डोळे मिटून आम्ही उत्तरें देत होतों. दोन ठिकाणीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं, कारण प्रश्न विचारला गेला हेंच आम्हांस समजलें नव्हतें.

आईस ही वार्ता कळवूं नये असें आम्हीं बंधूंस बजाविलें होतें. कॉलेजांत परीक्षांचें काम आहे, असें त्यांनीं सांगावें असें ठरलें. तिसऱ्या शनिवारीं ती एकटीच पॅसेंजर गाडीनें परभणीस आली. आमच्याशीं एक शब्द बोलली नाहीं. पलंगाच्या पायथ्याशीं बसली, प्लास्टराबाहेर आलेलीं पांच बोटें एकेक करून धरून पाहिलीं, आणि म्हणाली, "हलीव." आम्हीं तीं हलविलीं. मग तिनें चहा घेतला.

गाडी विकून टाकावी असें घरांतल्या मंडळींचें मत पडलें, आणि तें चुकीचें होतें असें आम्हांस आजही म्हणतां येत नाहीं. परंतु गाडी विकणें याचा अर्थ जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आईकडे न जाणें असा होता, आणि तिचें वय ब्यायशी आहे. तेव्हां गाडी ठेवावयाची आणि पाय सांभाळावयाचे, असा तह झाला. आणि दिवाळीच्या सुट्टींत आमचा पुतण्या आम्हांस बूट घेण्यासाठीं पुण्यास घेऊन गेला.

हा पुतण्या वाळूजला एका कारखान्यांत इंजिनियर आहे व ह्या विषयांतला मोठा शौकी आहे. २०२४ च्या जानेवारींत बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत मातीचे डोंगर रचून इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ती पाहावयास तो रात्रभर प्रवास करून गेला होता. बेंगळूरचा सी. एस. संतोष हा २०१५ सालीं डकार शर्यतींत उतरणारा पहिला भारतीय, केरळचा हरिथ नोआ हा २०२४ सालीं त्याच शर्यतींत रॅली-२ ह्या वर्गांत पहिला आला, इत्यादि गोष्टी त्याच्या जिभेवर असतात. आगगाडींत त्यानें आम्हांस बुटांचा इतिहास सांगितला. चिखलांतून फटफट्या पळविण्याच्या शर्यतीचें मूळ इंग्लंडांत; १९२४ सालीं सरे परगण्यांत कँबर्लीजवळ ती पहिल्यानें भरली, आणि त्या काळचे स्वार साधे उंच चामडी बूट घालून पळत. पुढें १९६३ सालीं इटलींत असोलो गांवीं सांते माझ्झारोलो नांवाच्या कारागिरानें डोंगर चढणारांसाठीं जोडे करावयाचें दुकान काढलें व त्यास आल्प्सवरल्या एडलवाइस फुलाचें, म्हणजे 'आल्प्सच्या चांदणी'चें नांव दिलें. लवकरच तो फटफटीवाल्यांचेही बूट करूं लागला; बेल्जमचा रॉजर डी कॉस्टर, जो पांच वेळां जगज्जेता झाला, त्यानें ते पायांत घातले, आणि 'आल्पाइनस्टार्स' हें नांव सर्वतोमुखीं झालें. त्या भागांत मोंतेबेल्लूना म्हणून गांव आहे. तेथें व आसपास पिढ्यानुपिढ्या जोडेच होतात. जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी, अशी आमच्या जिल्ह्याची प्रौढी आहे. पण बुटांच्या बाबतींत जर्मनीस बाजूस ठेवून इटलीकडे पाहावें लागतें, असें पुतण्याचें मत पडलें.

आमच्या मनांत मात्र ह्यापूर्वींच गमबूट आले होते. स्वस्त, पाणी आंत न येऊं देणारे, आणि आमच्या सालगड्याच्याही पायांत असलेले. पुतण्या म्हणाला, "काका, गमबूट म्हणजे पायाला घातलेली पिशवी. माती आंत यायची नाहीं, पण गाडी पडली तर हाड मोडायचं तें पिशवींत मोडेल." दुसरा विचार कारखान्यांतल्या लोखंडी टोपीच्या बुटांचा. ती टोपी दोनशें ज्यूलांचा आघात सोसते, पण सोसते ती बोटांपुरती. घोट्यास तिचा आधार नाहीं. शिवाय तें जाड नाक गियरच्या दांडीखालीं शिरत नाहीं.

खऱ्या बुटाचें मर्म वेगळेंच आहे. आमची समजूत अशी होती कीं बूट म्हणजे पायाचें चिलखत, दगड-धोंडा लागूं नये म्हणून. तें असतेंच, नडगीवर ढाल, बोटांवर कवच, इंजिनाची आंच लागूं नये म्हणून आंतल्या अंगास रबराचें अस्तर. परंतु बुटाचें मुख्य काम पायाला लागूं न देणें हें नसून पायाला भलतीकडे वळूं न देणें हें होय. घोटा पुढें-मागें वांकला पाहिजे, नाहीं तर ब्रेक दाबतां येणार नाहीं. डावी-उजवीकडे मात्र तो वांकतां कामा नये. म्हणून उंची बुटांत घोट्याच्या दोहों बाजूंस दाराच्या बिजागरीसारखी बिजागरी असते. तळांत पोलादाची पट्टी असते. खाचखळग्यांतून जातांना स्वार दोन पावदानांवर उभा राहतो, आणि ती पट्टी नसेल तर सर्व भार तळव्याच्या दोन बोटें रुंद पट्ट्यावर येतो. बूट दोन्ही हातांनीं धरून फडक्यासारखा पिळून पाहावा. पिळला गेला तर तो खालीं ठेवावा, ही परीक्षा पुतण्यानें आम्हांस शिकविली.

दुकानदारानें बुटाच्या जिभेच्या आंतली एक चिंधी उलटून दाखविली, आणि तेथें आमच्या धंद्याची खूण पाहून आम्हांस एकदम घरीं आल्यासारखें वाटलें. कारण त्या चिंधीवर गुण लिहिले होते! फटफटीवाल्यांच्या पादत्राणांसाठीं युरोपांत एक प्रमाण आहे, ईएन १३६३४. त्यांत स्वाराच्या चित्राखालीं चार आंकडे असतात, आणि प्रत्येक आंकडा एक किंवा दोन. पहिला बुटाच्या उंचीचा; दुसरा रस्त्यावर घांसला गेल्यास किती टिकेल त्याचा; तिसरा धारेनें कापला जाण्याविरुद्ध; आणि चौथा आडव्या दाबाखालीं बूट किती चेंगरेल ह्याचा. दोन म्हणजे उत्तम, एक म्हणजे उत्तीर्ण. नापास विद्यार्थी ह्या शाळेंत दाखलच होत नाहींत. खालीं कांहीं अक्षरें असल्यास तीं जादा विषयांचीं: आयपीए म्हणजे घोट्याची ढाल, आयपीएस म्हणजे नडगीची, डब्ल्यूआर म्हणजे पाणी न शिरणें. आम्हीं तीस वर्षें पेपर तपासले आहेत. कोणत्या विषयांत गुण हवेत हें पाहिल्यावांचून बेरजेस भुलूं नये, हें आम्हांस कळतें. आमचा विषय चौथा होता. डांबरावरून घसरत जाण्याचा वेग आमच्या पांदणींत कोणासही साधलेला नाहीं; परंतु तेथें गाडी अंगावर घेऊन पडणें हें रोजचें आहे.

येथें काका-पुतण्यांचें मत फुटलें. त्यानें पुढें केला तो शर्यतवाल्यांचा बूट होता; पांढरा, बिजागऱ्यांचा, गुडघ्याच्या खालून सुरू होऊन दगडासारखा कठीण. त्यांत पाय घालून आम्ही उभे राहिलों आणि दोन पावलें टाकलीं. तीं आमचीं नव्हतीं, एखाद्या किल्लीच्या बाहुल्याचीं होतीं. त्याचा तळही सपाट. चालण्यासाठीं तो केलेलाच नाहीं. आणि पेडगांवीं आम्हांस चालावें लागतें. ओढ्याला पाणी असलें म्हणजे गाडी अलीकडे लावून शेवटचा टप्पा पायींच. दुसरा बूट लांबच्या प्रवासवाल्यांचा; काळा, थोडा नरम, तळाला खांचा असलेला. पहिला अधिक सुरक्षित, ह्यांत वाद नव्हता. पुतण्या म्हणाला, "सवय होईल, काका. दोन-तीन महिने लागतात. सुरुवातीला टाचेला थोडं सोलतं, मग बूट पायाचा होतो."

टाचेला थोडें सोलतें! त्यास तें शब्द उच्चारतांना कांहींच वाटलें नाहीं, आणि वाटावें असें त्याचें वयही नाहीं. परंतु आम्हांस एकदम तो नायलॉनचा तंतु आठवला. ज्या पायास दोन ठिकाणीं टोंचलेलें कळत नाहीं त्या पायास सोललेलें तरी काय कळणार? वडिलांचा काटा बाहेरून आला होता. आमचा काटा आम्हीं पैसे मोजून, बकलें आवळून, पायांतच बांधून घेणार होतों. गाडीपासून पाय वांचविणारा बूट आणि बुटापासून वांचलेला पाय, ह्या दोहोंचा मेळ घालावयाचा होता, आणि ती गोष्ट कोणत्याही चिंधीवर लिहिलेली नव्हती.

दुकानदार मोठा समंजस होता. त्यास खरें कारण सांगतांच त्यानें आम्हांस संध्याकाळीं पुन्हां यावयास सांगितलें. दिवसभर चालून पाय किंचित् सुजतात, आणि माप त्या वेळचें घ्यावें. जाड, बिनशिवणीचे मोजे त्यानें स्वतः काढून दिले. मग पाऊण तास आम्ही त्या दुकानांत बूट घालून हिंडलों. जिन्यानें वर गेलों, उकिडवे बसलों, एका लाकडी फळीच्या कडेवर पावदानासारखे उभे राहिलों. टाच किती उचलते, बोटें पुढें टेकतात का, चवडा दोहों बाजूंनीं दाबला जातो का, हें तो विचारी, आणि आम्ही उत्तर देण्याऐवजीं दर खेपेस मोजा काढून पाय त्याला दाखवूं. कोठें तांबूस वळ उठला आहे का तें त्यानें पाहावें. मुलीकडच्या मंडळींनीं नवरदेवाची एवढी परीक्षा केली नसेल. गिऱ्हाइकांतलीं तरुण मुलें आमच्याकडे पाहत होतीं. पुतण्या प्रथम लाजला, मग स्वतःच खालीं बसून आमची टाच तपासूं लागला. त्या क्षणापासून त्यानें पांढऱ्या बुटाचें नांव काढलें नाहीं.

काळा बूट ठरला. आंकडे दोन, एक, दोन, दोन. घोटा व नडगी ह्यांचीं अक्षरें हजर. पाणी न शिरूं देणारें अस्तर असलेला एक त्याच जातीचा होता, तो आम्हीं सोडला. ओढ्याचें पाणी बुटाच्या कांठावरून आंत येतें, आणि एकदां आंत आलेलें पाणी तेंच अस्तर बाहेर जाऊं देत नाहीं; ओल्या पायानें दोन तास बसणें हें आमच्यासारख्यास काट्याहून वाईट. किंमतीचा हिशेब आम्हीं सोयाबीनमध्यें केला, ही घरची खोड आहे. २०२४-२५ सालचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता (तो हातीं पडेलच असें नव्हे). इटलीचा सर्वांत उंची जोड आठ क्विंटलांच्याही वर जात होता. आमचा साडेतीन क्विंटलांत झाला. साडेतीन क्विंटल सोयाबीन पायांत घालून चिखलांत उतरावयाचें, हा विचार त्या रात्रीं आम्हांस झोंप येऊं देईना.

घरीं आल्यावर महिनाभर आम्ही ते बूट घरांतच घातले. पहिल्या दिवशीं दहा मिनिटें, दुसऱ्या दिवशीं पंधरा. पेपर तपासावयाचे ते बूट घालून. आमच्या कुटुंबाचें म्हणणें पडलें कीं त्या सत्रांत मुलांस गुण कमी मिळाले. तें खोटें आहे. गाडीशींही नवा करार करावा लागला. जाड नाकामुळें गियरची दांडी पायास लागेना, ती एक दांता वर घ्यावी लागली; आणि चपलेंतून जें बोटांस कळे तें बुटांतून कांहींच कळेना, गियर पडला कीं नाहीं हें कानांनीं ओळखावें लागे. हें शिकण्यास आम्हांस दोन महिने लागले.

२०२५ च्या पावसाळ्यांत बुटांची खरी कसोटी झाली, आणि एका बाबतींत ते सपशेल हरले. तळाच्या ज्या खांचांवर आम्ही भाळलों होतों त्या काळ्या मातीनें दहा पावलांत भरून गेल्या. इटलीच्या कारागिरानें आल्प्सचा बर्फ पाहिला असेल, पेडगांवची पांदण पाहिली नाहीं. गाडीवरून उतरून चाललों तों प्रत्येक पायाला एकेक पाटा बांधल्यासारखें झालें. आणि समोरून सालगडी वहाणा हातांत घेऊन सपासप येत होता. त्यानें आमच्याकडे पाहून तोंड फिरविलें. हंसूं लपविण्याची त्याची रीत सभ्य आहे.

पण भाद्रपदांत, पूर्वीच्याच चाकोरीपासून वीस-पंचवीस हातांवर, आम्ही पुन्हां पडलों. तसेंच डावीकडे, तसाच पाय रुतलेला, आणि गाडी तशीच त्याच्यावर. ह्या खेपेस वाट पाहणें आम्हांस ठाऊक होतें. पाय गाडीखालीं होता. दाब लागत होता, दुखत नव्हतें. परंतु न दुखण्यावर आमचा भरंवसा उरला नव्हता. आम्हीं बुटाच्या आंत बोटें हलवून पाहिलीं; मोजलीं; पुन्हां हलविलीं. मग हाताच्या आधारानें गाडी चार बोटें उचलली आणि पाय ओढून काढला. घोट्यावरची ढाल चरचरीत ओरखडली होती. आखाड्यावर जाऊन, ओसरीवर बसून, बूट काढला, मोजा काढला, आणि कंदिलासारखा मोबाइलचा दिवा धरून सारें पाऊल पाहिलें. कोठें वळही नव्हता.

आईनें त्या बुटांविषयीं वर्षभरांत एकच प्रश्न विचारला होता, "ह्याच्यात पाय हाय का लाकूड?" किंमत तिनें विचारली नाहीं, आणि आम्हींही सोयाबीनचा हिशेब तिला सांगितला नाहीं. त्या दिवशीं ओरखडा तिला दिसला; पण ती कांहीं बोलली नाहीं. आमच्या हातांतून बूट घेतले, अंगणांत बसून खुरप्याच्या टोंकानें खांचांतली माती एकेक करून उकरली, पाणी ओतलें, आणि दोन्ही बूट कुडाच्या मेखांवर उलटे अडकविले. "राहूं दे, मी धुतों," असें आम्ही म्हणालों. तिनें ऐकलें नाहीं.

रविवारीं सकाळीं आम्ही निघालों तेव्हां तिनें ते उतरविले. प्रत्येक बूट दोनदां आपटला, मग कोंपरापर्यंत हात आंत घालून टाचेपासून चवड्यापर्यंत सावकाश चांचपून पाहिलें. "इंचू बसतोय," ती म्हणाली. दोन्ही बूट पाहून झाल्यावर तिनें डाव्यांत पुन्हां एकदां हात घातला, आणि मग तो आमच्यापुढें ठेविला.